झाडकवींची कविता आणि समीक्षेची अडचण : सायलेंट व्हॅलीच्या निमित्ताने

मल्याळम कवितेच्या गेल्या अर्धशतकातील इतिहासात ‘मरक्कविकळ्’ असा एक शब्द येतो. ‘मरम्’ म्हणजे झाड, आणि लाकूडही. झाडांवर कविता करणारे ते झाडकवी, असा त्याचा सरळ अर्थ; पण त्यात लाकडी, ठोकळेबाज कवी हा दुसरा ध्वनीही ऐकू येतोच. (मराठी कानाला ‘मर’ या अक्षरांतून तिसराच अर्थ जाणवतो. तो केवळ योगायोग असला, तरी वादाचा विषय पाहता अगदीच गैरलागू नाही.) केरळच्या पालक्काड जिल्ह्यातील सायलेंट व्हॅलीच्या सदाहरित अरण्यात कुंतिप्पुळा नदीवर जलविद्युत प्रकल्प उभारण्याच्या योजनेला १९७० च्या दशकाच्या अखेरीस विरोध सुरू झाला. त्या विरोधात सुगतकुमारी, ओ. एन. व्ही. कुरुप, अय्यप्प पणिक्कर, विष्णुनारायणन नंपूतिरी असे कवी आणि वैक्कम मुहम्मद बशीर यांच्यासारखे कथाकार उतरले. विजेची, कारखान्यांची आणि रोजगाराची निकड असलेल्या राज्यात झाडांसाठी गळा काढणारे हे लोक म्हणजे चैनीखातर भावविवश झालेले मध्यमवर्गीय, अशी त्यांची हेटाळणी झाली. पुढे प्रकल्प रद्द झाला, १५ नोव्हेंबर १९८४ रोजी ते अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले, आणि त्याच शब्दाला कौतुकाचा रंग चढला.

हेटाळणीचे कौतुकात झालेले हे रूपांतर समीक्षेच्या दृष्टीने सोयीचे ठरले, आणि म्हणूनच ते संशयास्पदही आहे. प्रकल्पाच्या बाजूचे लोक म्हणत होते की ही कविता प्रचारकी आहे, प्रसंगनिष्ठ आहे, म्हणून ती दुय्यम आहे. प्रकल्पाच्या विरोधातले लोक पुढे म्हणू लागले की या कवितेने अरण्य वाचविले, म्हणून ती थोर आहे. दोन्ही विधानांत कविता वाचण्याची गरज उरत नाही. एकात हेतू पाहून निकाल दिला जातो, दुसऱ्यात परिणाम पाहून. वर्षावन, त्यातील जीववैविध्य आणि त्यातून उगम पावणारे पाणी यांच्या रक्षणाचा प्रश्न साहित्यात नेमका कोणत्या रूपाने शिरतो, आणि त्या रूपाचे मूल्यमापन कोणत्या निकषांनी करावयाचे, हा प्रश्न या दोन निकालांच्या मध्ये हरवून जातो. तो पुन्हा उपस्थित करावयाचा, तर ज्या भाषेला ही कविता उत्तर देत होती, त्या भाषेपासून सुरुवात करणे भाग आहे.

ती भाषा आकड्यांची होती. सैरंध्री नावाच्या जागी नदी एका अरुंद घळीतून खाली उतरते. ही जागा वीजनिर्मितीस आदर्श असल्याचे १९२८ मध्येच हेरले गेले होते. १९५८ मध्ये पाहणी झाली, १९७३ मध्ये योजना आयोगाची मंजुरी मिळाली. सुमारे १३० मीटर उंचीचे धरण, १२० मेगावॉटची वीज, पालक्काड आणि मलप्पुरम जिल्ह्यांत सुमारे १०,००० हेक्टर जमिनीला सिंचन, आणि बुडणार किती, तर ८३० हेक्टर. या मांडणीतला कळीचा शब्द ‘फक्त’ हा होता. ८३० हेक्टर म्हणजे ८.३ चौरस किलोमीटर. आजच्या राष्ट्रीय उद्यानाच्या ८९.५२ चौरस किलोमीटर या मूळ क्षेत्राशी तुलना केली, तर ते नऊ टक्क्यांच्या आसपास भरते. एवढ्याशा तुकड्यासाठी एवढा आरडाओरडा कशाला, हा प्रश्न त्या काळी पुनःपुन्हा विचारला गेला.

वरवर पाहता हा अंकगणिताचा प्रश्न आहे. वस्तुतः तो अलंकारशास्त्राचा आहे. टक्केवारीत एक लक्षणा दडलेली असते: संपूर्ण वस्तू एकजिनसी आहे, तिचा कोणताही भाग दुसऱ्या कोणत्याही भागासारखाच आहे, असे तिच्यात गृहीत धरलेले असते. कापडाच्या ताग्याला हे लागू पडते, अरण्याला पडत नाही. बुडणारे क्षेत्र नदीकाठचे होते. उंच कड्यांवरची गवताळ राने, मधले उतार आणि खालचे नदीलगतचे घनदाट अरण्य यांतील जीवसृष्टी वेगवेगळी असते, आणि सिंहपुच्छ वानरासारख्या, झाडांच्या शेंड्यांवरच आयुष्य काढणाऱ्या प्राण्याला सलग छताची गरज असते. कुलेनिया या एका वृक्षाच्या फुलाफळांवर तो वर्षातला मोठा काळ अवलंबून असतो. नदीकाठाची पट्टी बुडाली, की शिल्लक राहिलेले एक्क्याण्णव टक्के हे पूर्वीच्या शंभरातले एक्क्याण्णव राहत नाहीत. हृदयही शरीराच्या वजनात फार थोड्या टक्क्यांचे असते.

दुसरा शब्द ‘वाया’ हा होता. नदी समुद्राला मिळते म्हणजे पाणी वाया जाते, ही समजूत अभियंत्यांनी निर्माण केलेली नाही. ती साऱ्या भारतीय भाषांत, मराठीतही, आता घरगुती झाली आहे. या समजुतीत पाणी म्हणजे साठा. सायलेंट व्हॅलीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यातला बहुतेक काही महिन्यांत. तरीही कुंतिप्पुळा उन्हाळ्यात वाहती राहते, आणि तिच्या वरच्या पाणलोटात वस्ती नसल्याने ती स्वच्छही राहते. हे पाणी साठ्याच्या रूपात कोठेच दिसत नाही. ते पालापाचोळ्यात, मुळांच्या जाळ्यात, भुसभुशीत मातीत, वेळेच्या रूपाने असते. अरण्य पाण्याला उशीर करावयास लावते. धरणही पाण्याला उशीरच करावयास लावते, पण तो उशीर मोजता येतो, त्याचे दरवाजे कोणाच्या तरी हाती असतात. प्रशासनाच्या भाषेत पहिल्या उशिरासाठी शब्दच नव्हता.

१९७६ मध्ये झफर फतेहअली यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाने या प्रकल्पाचा विचार केला. त्याच्या शिफारशीची वाक्यरचना संहिता म्हणून वाचण्याजोगी आहे. प्रकल्प सोडून द्यावा, असे त्यात म्हटले होते. मात्र तसे करणे शक्यच नसेल, तर सतरा संरक्षक अटी पाळाव्यात, असा पर्यायही त्यात होता. शासनाने मुख्य वाक्य बाजूला ठेवले आणि गौण वाक्याचा आधार घेतला. ‘नसेल तर’ या दोन शब्दांतून १३० मीटर उंचीचे धरण आत शिरू शकते, हे साहित्याच्या अभ्यासकांना तरी नवलाचे वाटू नये.

येथे या प्रकरणाचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावयास हवे. बुडणाऱ्या क्षेत्रात माणसांची वस्ती नव्हती. मराठीत धरण म्हटले की आठवते ती विस्थापितांची कहाणी. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) ही कादंबरी तिचे सर्वपरिचित उदाहरण. तेथे अन्याय सोसणारा माणूस असतो, त्याला बोली असते, त्याचे घर-शेत असते, त्यामुळे कथनाला नायक आणि कैफियतीला फिर्यादी आपोआप मिळतो. सायलेंट व्हॅलीत फिर्यादीच नव्हता. जे बुडणार होते त्याला वाणी नव्हती, आणि ज्यांना वाणी होती त्यांचे काहीच बुडत नव्हते. मण्णारक्काड परिसरातील आणि एकूण मलबारातील सामान्य माणसाला तर वीज हवीच होती. अशा वेळी कवी कोणाच्या वतीने बोलतो? हा प्रश्न नैतिक आहे तितकाच तो काव्यशास्त्रीय आहे.

नावाचीच गंमत पाहावी. सैरंध्री हे विराटाच्या घरी अज्ञातवासात राहणाऱ्या द्रौपदीचे नाव. नदीला नाव कुंतीचे. म्हणजे स्थानिक नामपरंपरेने या अरण्याला वनवासाच्या कथेत गुंफून ठेवले होते. ‘सायलेंट व्हॅली’ हे नाव इंग्रजी अमलातले. सैरंध्रीचाच तो अपभ्रंश असे काही सांगतात. तेथे सिकाडा या कर्कश किड्यांचा आवाज येत नाही म्हणून ते नाव पडले असे इतर सांगतात. सिंहपुच्छ वानराच्या ‘सिलेनस’ या शास्त्रीय नावाशीही काहींनी ते जोडले आहे. सिकाडांची कथा जंगलात थोडा वेळ उभे राहिल्यास टिकत नाही, ते तेथे आहेत. निःशब्दता हा अरण्याचा गुण नव्हताच. ती ऐकणाऱ्याची नोंद होती. पण नाव एकदा रूढ झाले, की ते कवितेला भूमिका नेमून देते. दरी मुकी, म्हणून कवीने बोलावयाचे. झाडकवींच्या बऱ्याचशा कवितांचा सूर या नेमून दिलेल्या भूमिकेने ठरलेला आहे, आणि त्यांची मर्यादाही तेथेच सुरू होते.

सुगतकुमारी (१९३४–२०२०) यांची ‘मरत्तिनु स्तुति’, म्हणजे ‘वृक्षाची स्तुती’, ही या आंदोलनाची सर्वांत प्रसिद्ध कविता. सभांच्या प्रारंभी ती प्रार्थनेसारखी म्हटली जाई. ‘रात्रिमळा’साठी १९७८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली, आत्मनिष्ठ, कृष्णभक्तीच्या स्वरात स्त्रीदुःख गाणारी ही कवयित्री प्रकृति संरक्षण समितीची चिटणीस झाली, आणि तिच्या कवितेने स्तोत्राचे रूप घेतले. या रूपाची निवड उपेक्षणीय नाही. स्तोत्राला तीन गोष्टी लागतात: संबोधन, गुणनामांची मालिका आणि मिळून म्हणणारा समुदाय. संबोधनामुळे ज्याला उद्देशून बोलावयाचे तो समोर आहे, ऐकतो आहे, असे गृहीत धरले जाते. ते सिद्ध करावे लागत नाही. अहवालात वृक्ष तृतीय पुरुषी असतो, त्याची घनफुटांत गणना होते. स्तोत्रात तो द्वितीय पुरुषी होतो. फिर्यादी नसलेल्या खटल्यात हा पुरुषबदल हीच पहिली कृती होती.

मराठी अलंकारविचारात याला चेतनगुणोक्ती म्हणण्याचा मोह होईल, आणि तेथेच परिभाषेची अडचण उघडी पडते. अचेतनावर चेतनाचे गुण लादणे ही त्या अलंकाराची व्याख्या. पण वृक्ष अचेतन केव्हा होता? व्याकरणाच्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या झाडे, वेली, नद्या आणि दगड एकाच ‘निर्जीव’ रकान्यात घालून चेतनगुणोक्तीची उदाहरणे दिली गेली. वृक्षाला ‘तू’ म्हणणे हा अलंकार आहे असे म्हणताच तो खरे म्हणजे ‘ते’ आहे, हे मान्य केल्यासारखे होते. परिभाषेच्या आत लपलेली ही सत्तामीमांसा आणि धरणाच्या अहवालातील सत्तामीमांसा एकच आहे, हे जरा कटू असले तरी म्हणावयास हवे.

आणखी एक गोष्ट मुद्रित संहितेवर पोसलेली समीक्षा विसरते. मल्याळममध्ये कविता मोठ्याने म्हणण्याची, कवियरंगाची परंपरा जिवंत होती. १९७० च्या दशकात अय्यप्प पणिक्कर, कावालम नारायण पणिक्कर, कडम्मनिट्ट रामकृष्णन यांच्या ‘चोल्काळ्च’ या प्रयोगांनी आधुनिकतावादी कवितेलाही पुन्हा कंठ दिला होता. झाडकवींनी सभांतून कविता म्हटल्या त्या या तयार भूमीवर. तेव्हा ‘कवितेने पातळी सोडून व्यासपीठ गाठले’ हा आक्षेप घेणाऱ्यांनी आधी हे सांगितले पाहिजे की मल्याळम कविता व्यासपीठाबाहेर पूर्णपणे गेली होती केव्हा. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) सौंदर्यविषयक संकल्पनेच्या लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची मांडणी केली. स्तोत्र हा या दोन्ही ध्रुवांवर एकाच वेळी उभा राहणारा प्रकार आहे: त्याचा विषय पूज्य, व्यवहारापासून अलग केलेला, आणि त्याचा उपयोग मात्र उघड, सामुदायिक, फलश्रुतीची अपेक्षा धरणारा. केवळ लौकिक किंवा केवळ अलौकिक निकष लावून ‘मरत्तिनु स्तुति’ मोजू पाहणारे टीकाकार तिच्या अर्ध्या भागाशीच बोलतात.

मात्र स्तोत्राचे बळ ते त्याचे दौर्बल्यही आहे. स्तोत्र एकाचे असते. देवता एक, तिची नावे अनेक. वर्षावनाचे तर्कशास्त्र याच्या नेमके उलट आहे. तेथे एका जातीचे दुसरे झाड शोधावयास बरेच चालावे लागते, आणि महत्त्व भव्य वृक्षाइतकेच त्याच्या सालीवरच्या शेवाळाला, खालच्या बुरशीला, पानातल्या बेडकाला असते. स्तुतीसाठी वृक्ष उभा, उदात्त, दाता असा व्हावा लागतो. बुरशीची स्तुती कोण गाणार? म्हणूनच या कवितांत वृक्ष आहे, पण अरण्य क्वचितच आहे. जीववैविध्य हा शब्द त्या काळी प्रचारात यावयाचा होता, हे खरे. परंतु शब्द नसताना जाणीव असू शकते.

ओ. एन. व्ही. कुरुप यांच्या ‘भूमिक्कोरु चरमगीतम्’ (१९८४) या गाजलेल्या कवितेविषयी येथे थोडक्यातच म्हणता येईल. अजून न मेलेल्या पृथ्वीसाठी आधीच गाइलेले हे मृत्युगीत रचनेच्या दृष्टीने अधिक बांधेसूद आहे. पण त्यात सायलेंट व्हॅली राहिलेली नाही, कुंतिप्पुळा राहिलेली नाही. आहे ती भूमाता आणि तिचे अपराधी पुत्र. संकटाचा व्याप वाढविला की ते अधिक गंभीर वाटते, पण त्याचा पत्ता हरवतो. पृथ्वीच्या मरणावर अश्रू ढाळता येतात, तिच्यावर स्थगितीचा हुकूम मिळविता येत नाही. शिवाय या मृत्युगीतात केंद्रस्थानी पुन्हा माणूसच येतो, आता पापी म्हणून.

या पार्श्वभूमीवर बशीर यांची ‘भूमियुटे अवकाशिकळ्’ (१९७७) ही कथा फार वेगळी ठरते, आणि झाडकवींच्या चर्चेत ती नेहमी तोंडीलावण्यासारखी येते हा अन्याय आहे. ती आंदोलनासाठी लिहिलेली नाही. तिचे स्थळ अरण्य नाही, एका घराभोवतीचे आवार आहे. निवेदक नारळांची बाग असलेली जमीन विकत घेतो, कुंपण घालतो, खरेदीखताच्या जोरावर मालक होतो. आणि मग पक्षी, फुलपाखरे, साप, उंदीर, वटवाघळे एकेक करून येत राहतात. ते आधीपासूनच तेथे होते. वटवाघळे शहाळ्यांचा फडशा पाडतात तेव्हा घरातून उमटणारा संताप अगदी रास्त असतो, आणि निवेदक त्या रास्त संतापासमोर ओशाळवाणेपणे, हसत, वाद घालत राहतो की हेही या भूमीचे हक्कदार आहेत. मल्याळममध्ये ‘अवकाशम्’ म्हणजे हक्क. मराठीत तोच शब्द जागा या अर्थाने येतो. दोन भाषांनी एकाच संस्कृत शब्दाची केलेली ही वाटणी बशीरांच्या कथेचे जणू भाष्यच आहे: ज्याला जागा, त्याला हक्क, की ज्याला हक्क, त्यालाच जागा?

बशीरांचे रूप यादीचे आहे, स्तोत्राचे नाही. यादीत उदात्त आणि क्षुद्र एकाच ओळीत बसतात, आणि पुढचे नाव कोणते येईल याचा नेम नसल्याने ती विनोदी होते. या विनोदामुळेच कथेत उपद्रव लपविला जात नाही. झाडकवींच्या अरण्यात उपद्रवी असे काहीच नाही. जळवा नाहीत, हत्ती शेत तुडवीत नाहीत. जीववैविध्याच्या रक्षणाचा खरा प्रश्न सुंदराच्या रक्षणाचा कधीच नव्हता. जे सुंदर नाही, उपयोगाचे नाही, प्रसंगी नुकसानही करते, त्याला राहू देण्याचा तो प्रश्न आहे. आंदोलनाला चेहरा लागतो, म्हणून आयाळीचा सिंहपुच्छ वानर त्याचे चिन्ह झाला. ‘माकडांसाठी माणसांची वीज अडविता’ ही टीकाही मग त्याच चिन्हावर स्वार होऊन आली. बशीरांच्या वटवाघळाला असे चिन्ह करता येत नाही. साहित्यरूपाच्या दृष्टीने पाहता वर्षावनाला न्याय देणारी कृती वर्षावनाबाहेर, एका नारळाच्या बागेत लिहिली गेली, असे म्हणणे धाडसाचे वाटेल, पण ते टाळता येत नाही. तुकारामांनी वृक्षवेलींशी जी सोयरीक सांगितली, तिचा पर्यावरणदिनाच्या भाषणांनी चोथा केला असला, तरी सोयरीक म्हणजे पूजा नव्हे, सोयऱ्यांशी भांडणही होते, हे बशीरांच्या कथेने तो अभंग पुन्हा वाचताना आठवावे.

पाण्याच्या बाबतीत मात्र कवितेपेक्षा आणि कथेपेक्षाही जुनी अशी एक संहिता उपलब्ध आहे. काव बाटवू नका, तळे आटेल, अशा अर्थाची एक म्हण मल्याळममध्ये रूढ आहे. ‘काव’ म्हणजे देवराई. सुगतकुमारींच्या निबंधसंग्रहाचे ‘कावु तीण्डल्ले’ हे शीर्षक या म्हणीतूनच आलेले आहे. राई आणि तळे यांचा कार्यकारणभाव दोन लहान वाक्यांत बांधणारी ही म्हण पर्यावरणवाद्यांनी लोकशहाणपणाचा नमुना म्हणून वारंवार वापरली. तिच्यातले जलशास्त्र तपासून पाहिले तर ते आश्चर्यकारकरीत्या काटेकोर आहे. ‘जंगल म्हणजे स्पंज’ हे जे लोकप्रिय रूपक आहे, ते जंगल पाणी निर्माण करते असा भ्रम पसरविते. प्रत्यक्षात वृक्ष स्वतःही पुष्कळ पाणी आकाशाला परत करतात, आणि स्पंज पिळता येतो तसे अरण्य पिळता येत नाही. अरण्य करते ते एवढेच, आणि एवढे पुरेसे आहे: माती धरून ठेवते, पाण्याला जमिनीत शिरावयास वाव देते, गाळ अडविते. म्हण पाणी वाढेल असे म्हणतच नाही. राई गेली तर तळे आटेल, एवढेच ती म्हणते. अभावाच्या बाजूने केलेले हे विधान स्पंजाच्या रूपकापेक्षा कितीतरी अधिक जबाबदार आहे.

पण या म्हणीतले क्रियापद ‘तीण्डल’ हे आहे, आणि त्यावरून पुढे जाणे शक्य नाही. ‘तीण्डल’ म्हणजे विटाळ, शिवाशिव. केरळच्या जातिव्यवस्थेत कोणत्या जातीने कोणापासून किती अंतरावर उभे राहावे, हे ज्याने ठरत असे तो शब्द. ज्या समाजात १९२४–२५ मध्ये देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालण्याच्या हक्कासाठी वैक्कमचा सत्याग्रह करावा लागला, त्या समाजात ‘तीण्डू नका’ ही आज्ञा कोणाला उद्देशून होती, हे विचारल्याशिवाय ती अरण्यरक्षणाची घोषणा म्हणून उचलणे भाबडेपणाचे आहे. उत्तर मलबारातील कावांत तेय्यम अंगावर घेणारे वण्णान, मलयन यांसारख्या जातींचेच असतात, त्यामुळे काव म्हणजे सरसकट वरिष्ठ जातींची मिरास असेही म्हणता येत नाही. पण शब्दाची स्मृती सर्वांना सारखी नसते. ज्याच्या आजाला अंतर राखून उभे राहावे लागले, त्याला ‘स्पर्श न झालेले अरण्य’ या प्रयोगात पावित्र्याबरोबर आणखी काही ऐकू येईल. हा प्रश्न मराठीलाही परका नाही. सह्याद्रीतील देवरायांचा माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी १९७० च्या दशकात अभ्यास केला, तेव्हापासून देवराई हा शब्द मराठी लेखनात प्रतिष्ठित झाला. देवराईच्या विटाळाच्या नियमांचा, त्यात कोणाला मज्जाव होता याचा, साहित्यिक अंगाने विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने (१९५६) निसर्ग पाहण्याची दृष्टी दिली, मारुती चितमपल्ली यांनी रानाची शब्दसंपदा दिली, तीही बहुतांशी विदर्भाच्या पानझडी रानाची. सह्याद्रीच्या सदाहरित पट्ट्याला आणि त्याच्या सामाजिक नियमांना मराठीत अजून त्या तोडीची वाणी मिळावयाची आहे.

झाडकवींच्या कवितेतली सर्वांत मोठी पोकळी येथेच दाखवावयास हवी. सायलेंट व्हॅलीला लागून पूर्वेस अट्टप्पाडी आहे. इरुळ, मुडुग, कुरुंब या आदिवासींचा तो प्रदेश. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील जंगल मोठ्या प्रमाणावर तुटले, जमिनी बाहेरून आलेल्यांच्या हाती गेल्या, पूर्वेकडचे पर्जन्यछायेतले उतार उघडे पडले. म्हणजे अरण्य तुटल्यावर पाण्याचे आणि माणसांचे काय होते, याचा पुरावा दरीच्या कुशीतच होता. त्यावर स्तोत्रे रचली गेली नाहीत. निर्मनुष्य अरण्याचे रक्षण करणारी कविता आणि माणसांसह तुटलेल्या अरण्याबाबत मौन बाळगणारी कविता एकच आहे. रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्ये अमेरिकन अरण्यवादावर घेतलेला आक्षेप, की निर्मनुष्य वन्यतेचे हे आकर्षण गरीब देशांत अन्यायकारक ठरते, तो येथे पूर्णतः लागू पडत नाही, कारण सायलेंट व्हॅलीतून कोणाला हुसकावून लावण्याची मागणी कवींनी केलेली नव्हती. पण नारायण यांची ‘कोच्चरेत्ती’ ही, मलअरय समाजातील लेखकाने लिहिलेली कादंबरी १९९८ मध्ये प्रसिद्ध होईपर्यंत केरळच्या डोंगरांतला आदिवासी मल्याळम साहित्यात बोलला तो बव्हंशी इतरांच्या तोंडून, हे विसरता येत नाही. ‘मुक्याला वाणी देणे’ या भूमिकेचा मोह असा की आसपास बोलणारे कोणी आहे, हे मग ऐकू येत नाही.

आता ‘कवितेने अरण्य वाचविले’ या विधानाकडे वळता येईल. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रकल्पाचे तांत्रिक-आर्थिक मूल्यमापन, सलीम अलींसारख्या शास्त्रज्ञांची आवाहने, न्यायालयीन लढे, इंदिरा गांधींचा हस्तक्षेप, एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखालील समिती (गाडगीळ तिचे सदस्य होते) आणि १९८३ मध्ये प्रकल्प सोडून देण्याचा निर्णय, अशी ही साखळी आहे. तीतून कवितेचा वाटा वेगळा काढून दाखविता येणार नाही, आणि काढण्याची गरजही नाही. लक्षणीय आहे ते निराळेच. विज्ञानप्रसारासाठी १९६२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने स्वतःच्या नावात ‘साहित्य’ हा शब्द ठेवला होता, आणि मल्याळममधून विज्ञान लिहिणे हेच तिचे आरंभीचे काम होते. विजेच्या पारेषणातील गळतीचा हिशेब आणि वृक्षाची स्तुती ही एकाच वाचकवर्गापुढे, एकाच भाषेत आली. मराठीत विज्ञानलेखन आणि काव्य यांचे वाचक एकमेकांस क्वचितच भेटतात. त्यामुळे पश्चिम घाट तज्ज्ञगटाचा २०११ चा अहवाल, जो स्थानिक भाषांतून ग्रामसभांपुढे जावा असा गाडगीळांचा आग्रह होता, तो मराठी साहित्यविश्वात एक वाङ्मयीन घटना होऊ शकला नाही.

जी. मधुसूदनन यांच्या ‘कथयुम् परिस्थितियुम्’पासून मल्याळममध्ये हरितसमीक्षेने बाळसे धरले, आणि तमिळ संघकाव्यातील तिणैव्यवस्थेचा, भूप्रदेश, ऋतू, प्राणी, वनस्पती आणि मनोभाव यांना एका सूत्रात बांधणाऱ्या त्या काव्यशास्त्राचा, नव्याने विचार सुरू झाला. तिणैत डोंगराळ अरण्य म्हणजे कुरिंजी. ते प्रेमिकांच्या मीलनाचे स्थळ. व्यवस्था मोहक आहे, पण तिच्यातही अरण्य अखेर मानवी भावाचा संकेत म्हणूनच येते, हे तिचे नवे पुरस्कर्ते पुरेसे सांगत नाहीत.

२००० नंतर त्याच नदीवर, उद्यानाच्या सीमेबाहेर थोड्या अंतरावर, पात्रक्कडव येथे ७० मेगावॉटचा नवा प्रकल्प सुचविला गेला. तोही पुढे बारगळला. पण त्याची भाषा १९७३ ची नव्हती. हा प्रकल्प पर्यावरणस्नेही आहे, तो जुन्या प्रकल्पाला सौम्य पर्याय आहे, असे त्याचे पुरस्कर्तेच सांगत होते. झाडकवींनी रूढ केलेली शब्दकळा तीस वर्षांत धरणाच्या प्रस्तावनेत जाऊन बसली होती, आणि या वेळी तिला विरोध करणाऱ्यांना स्तुतीचा काहीच उपयोग नव्हता. त्यांना प्रस्तावातील वाक्ये एकेक करून वाचावी लागली.